थोरल्याची रास

आंबिवलीमागच्या टेकडीवर, उघड्या माळावर पोकलेनची घरघर पोचली तसा भिवा धावतच तिथं आला. रस्त्यासाठी माळ सपाट करायचा होता आणि वाटेत धोंड्यांचा मोठा ढीग होता, थोरल्याची रास. कोण थोरला, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण माळ ओलांडणारा जो तो तिच्यावर एक धोंडा ठेवूनच पुढे जायचा.

पाहणीला आलेल्या साहेबांनी राशीवरच्या ओट्यावर बूट आपटला. "मॅडम, ही हजारो वर्षांपूर्वीची कबर? मग हे सिमेंट कुठलं?"

ठाण्याच्या कॉलेजातून जुन्या कबरींचा अभ्यास करायला आलेल्या शिवानीनंच तसं कळवलं होतं; तिनं भिवाकडे पाहिलं. भिवाची मान खाली गेली. सहा वर्षांमागे कीर्तनकार बुवांना उभं राहायला चांगली जागा हवी, म्हणून त्यानंच हौसेनं राशीचा माथा लिंपून ओटा केला होता. देवाच्या नावाचं पुण्य, आणि आज तेच आडवं आलेलं.

"सायेब, ओटा माझा हाय. खालची रास नाय."

"पुरावा दाखवा, काका. मशीन इथं येईपर्यंत."

शिवानी हळूच म्हणाली, "काका, ओटा फोडावा लागेल."

"खबरदार!" भिवाची बायको गोदा कडाडली. "थोरल्याचा धोंडा आजवर कुनी उचलला नाय. जिथं नाम घेतलं तिथं पहार घालाल तुमी?"

"अगो, बुवांना त्याच्या डोक्यावर उभं केलं, तवा का नाय बोललीस?"

"तवा तुमी ऐकत व्हता कुनाचं!"

भिवानं पहार उचलली. पहिला घाव बसला नि हातांना झिणझिण्या आल्या. दुसरा. तिसरा. मशीन वळण घेऊन समोर आलं. सिमेंटचा पोपडा निघाला; खाली हातानं एकात एक बसवलेले धोंडे. शिवानी ते एकेक करून बाजूला ठेवत होती. मग एक सपाट शिळा. भिवानं पहारीचं टोक घालून ती वीतभर उचलली.

काळ्या-तांबड्या मडक्याचा काठ. त्याला टेकलेलं हाड, माणसाच्या हाताचं.

"थांबा, हात लावू नका!" शिवानी ओरडली.

साहेबांनी वाकून पाहिलं, झटकन दोन्ही हात वर करून मशीन अडवलं आणि फोन काढला. "काम थांबवा. हो, आत्ताच."

भिवाला ते ऐकू गेलं नाही. तो घाईनं राशीवरून उतरला. "माफ कर रं, बाबा. सहा वर्सं तुझ्या छातीवर टाळ कुटलं."

गोदा कधीच वाकून सिमेंटचे तुकडे गोळा करू लागली होती.

"बघत काय बसलाव? उचला हे. खाली मानूस हाय."