वल्लरीचं कार्ड

"हे काय खिशात?" बायकोनं, शुभानं, वॉशिंग मशीनपाशी उभ्या उभ्या माझ्या शर्टातून एक लॅमिनेट केलेलं छोटं कार्ड काढलं.

"काही नाही. कचरा आहे, टाक."

कचरा नव्हता तो. त्या दिवशी सकाळच्या फायनलमध्ये ते कार्ड वल्लरीच्या मनगटावर असायला हवं होतं.

गोष्ट २०१४ची. मी सिंगापुरात तांजोंग पगारला सॉफ्टवेअर मॅनेजर आणि शनिवारी एका युनिव्हर्सिटीतल्या मुलींच्या फ्लॅग फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक कोच. हे अमेरिकन फुटबॉलच, फक्त धक्काबुक्की नाही. कमरेची पट्टी ओढली की खेळाडू थांबला. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारी. सगळी मदार तिच्यावर. अमेरिकेत एमएस करताना मी कॉलेजच्या क्वार्टरबॅकांच्या सरावाचं शूटिंग करायचो. माझी कोचगिरीची पुंजी एवढीच. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

वल्लरी आमची क्वार्टरबॅक, आमच्यासारखीच मराठी, राहायला बुकित बातोकला. आमच्याकडे जेवायला आली की मला 'काका' म्हणायची, मैदानावर 'कोच'. हा नियम माझाच. आपल्या माणसाला झुकतं माप देतो असं कुणी म्हणायला नको.

आमचे डाव आकड्यांवर चालायचे. मी बाहेरून बोटांनी आकडा दाखवायचा आणि मुलींनी मनगटावरच्या कार्डात बघायचं, कोणी कुठे पळायचं, बॉल कुठे टाकायचा. समोरच्यांना आमचे आकडे उमगायला लागले होते, म्हणून शेवटच्या मिनिटासाठी मी आकडे बदलून, कोपऱ्यात तारीख टाकून नवी कार्डं केली होती. टाइमआउटमध्ये ती वाटली. वल्लरी बाकावर बोटाला टेप बांधून घेत होती. तिचं कार्ड खिशात टाकलं, म्हटलं, आली की देऊ.

आणि विसरलो.

मी सात दाखवले. बाकीच्या उजवीकडे पळाल्या आणि वल्लरीनं जुन्या कार्डाप्रमाणे बॉल डावीकडे फेकला, थेट समोरच्या टीमच्या हातात. मॅच गेली.

"कार्ड वाचता येत नाही का?" मुख्य कोच डेस्मंडनं सगळ्यांदेखत तिला विचारलं.

"सॉरी, कोच," ती म्हणाली.

माझा हात खिशात गेला. कार्ड बोटांना लागलं. तिथल्या तिथे काढून दाखवायचं होतं. मी हात बाहेर काढला, रिकामा.

मनिलाच्या दौऱ्यासाठी दुसरी क्वार्टरबॅक निवडली गेली. मी बोललो असतो तर आपल्या मराठी मुलीची बाजू घेतली असं झालं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खोटी. 'कोच' लिहिलेली टोपी डोक्यावरून जाईल, याची भीती होती मला.

फायनलच्याच रात्री कार्ड मी कचऱ्याच्या डब्यातून परत काढलं होतं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

वल्लरीचं जेवायला येणं बंद झालं. "पोरगी येत नाही हल्ली," शुभा म्हणायची. "अभ्यास असेल," मी म्हणायचो.

२०१७ साली आम्ही पुण्याला परत निघालो, तेव्हा टीमनं निरोपाची मॅच ठेवली. जुन्या खेळाडूंनाही बोलावलं होतं. आज सांगायचंच, असं ठरवून मी ते जुनं कार्ड खिशात घालून गेलो.

वल्लरी आली. आता नोकरी करत होती.

"काका, काकू कशा आहेत?"

मैदानावर काका.

"बरी आहे. वल्लरी, ती चौदा सालची मॅच..."

"जाऊ द्या ना, काका. ओल्ड स्टोरी, लाह," तिथल्या सिंगापुरी ढंगात म्हणत तिनं हात पुढे केला. "कार्ड?"

मी मुलींना आजची कार्डं वाटतच होतो. तिचं तिला दिलं. ते घेऊन ती चार पावलं लांब गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. कोपऱ्यातली तारीख तिनं वाचली. मग शेजारच्या मुलीचं मनगट धरून दोन्ही कार्डं एकमेकांशेजारी ठेवली आणि एकेक ओळ ताडून बघितली. मग आपलं मनगटावरच्या पट्टीत सरकवलं.

मला दिसू नये म्हणून तिनं पाठ केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या फायनलला नवं कार्ड तिला मीच दिलं नव्हतं, हे तीन वर्षं तिला माहीत होतं आणि ती कुणापाशी बोलली नव्हती.

मैदानाच्या मध्यावर जाऊन ती वळली आणि माझ्याकडे बघत आकड्याची वाट पाहू लागली. मी हात वर केला. आकडा मी तिला दोनदा दाखवला.