वेंडोव्हरचं तेल

कमांडर जाइल्स हॅरोबी यांचं पत्र माझ्याकडे वर्षभर तसंच पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. जाड दुधी कागद, वर घराण्याचं चिन्ह, आणि आयुष्यात कधी घाई न करावी लागलेल्या माणसाचं सावकाश, वळणदार अक्षर. त्यांनी लिहिलं होतं, की वूलस्टन गावची समिती आपल्या जुन्या ‘वेंडोव्हर’ जहाजावर एक पुस्तिका काढते आहे. मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला आहे. बेचाळीसच्या शरदात भर समुद्रात जहाजाचं तेल कसं संपलं, त्या परिच्छेदाखाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी. “त्या सकाळी जहाजाच्या ब्रिजवर असलेल्यांपैकी आता आपण दोघेच उरलो. आणि तुम्ही तर जन्मभर पुस्तकांत वावरलेले, तुमच्या सहीला वजन आहे.”

परिच्छेद सोबत जोडला होता. त्यात म्हटलं होतं, की बॉयलर आणि तेल सांभाळणारा चीफ स्टोकर हेडली ट्रेगेन्झा यानं टाक्यांत होतं त्यापेक्षा बरंच जास्त तेल असल्याचं कप्तानाला, म्हणजे खुद्द हॅरोबींना, खोटं सांगितलं, आणि म्हणून जहाज बंद पडलं.

मी भित्रा माणूस आहे. नोकरीभर स्टॉकपोर्टच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारले, आणि अजूनही फोन वाजला की तो आपोआप थांबेल अशी आशा करत बसतो. शिवाय समुद्रावरची पुस्तकं मी इतकी वाचली आहेत, की कुठली लाट माझ्या अंगावर आली आणि कुठली नुसती पानावर, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. अशा माणसानं कमांडरला खोटं कसं ठरवायचं? मी पत्र शब्दकोशात घालून ठेवलं.

त्या जहाजाबद्दल पुस्तिकेत काय छापून येणार हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी खरं सांगतो. ‘वेंडोव्हर’ ही आधीच्या महायुद्धासाठी बांधलेली विनाशिका. बांधून होईतो ते युद्ध संपलं, तेव्हा तिला वीस वर्षं गंजत ठेवली, आणि आमच्या वेळी वर करडा रंग फासून अटलांटिकवर पाठवली. तिला दोन धुरांडी, एक बारीक आणि एक जाड, जुळवून दिलेल्या विजोड जोडप्यासारखी. आम्ही खाली झोपायचो तिथं पावलं बुडतील इतकं पाणी कायम हिंदकळत असे, आणि त्यात कोणाचा तरी बूट तरंगत असे. पाव दुसऱ्या दिवशी ओला आणि चौथ्या दिवशी हिरवा. काम म्हणाल तर मालवाहू जहाजांच्या ताफ्याची राखण. पण तिच्या पोटात तेलच एवढं थोडं मावायचं, की अर्ध्या वाटेवर ताफ्याला सोडून आम्हाला आइसलँडला पळावं लागे. मालवाहू जहाजांवरचे खलाशी कठड्याला रेलून आम्हाला रुमाल हलवायचे. “काय रे, आईनं जेवायला बोलावलं का?” एकदा एकानं खरोखरच दुधाची बाटली दोरीला बांधून दाखवली.

वूलस्टन हे गाव समुद्रापासून शक्य तितकं लांब. पण युद्धात प्रत्येक गावानं बचतीचे रोखे घेऊन एखादं जहाज दत्तक घ्यायची टूम निघाली, आणि वूलस्टनला आम्ही मिळालो. त्यांनी पितळी पाटी पाठवली, महापौरांची तसबीर पाठवली, आणि शाळेतल्या मुलींनी विणलेल्या लोकरीच्या टोप्यांची पेटी पाठवली. मुलींनी मापं एकमेकींच्या डोक्यांची घेतली असावीत. त्या टोप्यांनी आम्ही तोफा पुसल्या. महापौरांची तसबीर हॅरोबींनी आपल्या खोलीत लावली. दोघांची हनुवटी सारखी होती.

जहाजावर तेलाची एक जुनी रीत होती. चीफ स्टोकर कप्तानाला तेल नेहमी असेल त्यापेक्षा कमी सांगे. थोडं गुपचूप राखून ठेवी, अडचणीला असावं म्हणून. कप्तानालाही हे ठाऊक असे. तो ऐकलेल्या आकड्यात मनातल्या मनात भर घाली. एक खोटं सांगे, दुसरा ते दुरुस्त करून घेई, आणि कारभार सुरळीत चाले. आमचा आधीचा चीफ डॉब्सन या कलेत निष्णात होता. त्याला पोटात व्रण झाले आणि त्याच्या जागी ट्रेगेन्झा आला.

ट्रेगेन्झा कॉर्नवॉलचा, कडक धार्मिक. रम नाही, पत्ते नाहीत, शिवी नाही. सोबत्यांना त्याचा कंटाळा येई, मलाही. एकदा त्यानं माझ्या हातातली कादंबरी उचलून पाहिली.

“प्रोफेसर, हे घडलंय का?” जहाजावर मला प्रोफेसर म्हणत, कारण मला चष्मा होता.

“नाही चीफ, कादंबरी आहे.”

“म्हणजे खोटं.”

“एका अर्थी तसं, पण...”

“खोट्याला अर्थ तरी किती असतात रे?” असं म्हणून त्यानं पुस्तक त्या तरंगत्या बुटाशेजारी सोडून दिलं.

त्या सफरीत इंजिनियर आजारी पडून बंदरातच राहिला होता, त्यामुळे तेलाचा आकडा ट्रेगेन्झा थेट कप्तानाला तोंडी सांगायचा. सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम माझ्याकडे. रक्षक जहाजांच्या प्रमुखाचा संदेश घेऊन मी वर ब्रिजवर गेलो. कप्तान उभा राहतो ती ही उघडी जागा. वारा कान कापत होता. संदेश असा होता: तेलाचा अंदाज घ्या आणि आइसलँडला कधी निघायचं ते तुम्हीच ठरवा.

हॅरोबींना निघायचं नव्हतं. आदल्या दिवशी जवळपास पाणबुडी असल्याची खबर होती, आणि पाणबुडी बुडवल्याशिवाय पदक मिळत नाही.

ट्रेगेन्झा वर आला. “साहेब, आज दुपारी निघालो तर रेकयाविक बंदरापर्यंत पुरेल. उद्या निघालो तर नाही पुरणार.”

हॅरोबी डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच हसले. “डॉब्सनही असाच रडायचा. खरं बोला चीफ, किती दडवलंय?”

“काही नाही, साहेब.”

“सगळे चीफ हेच सांगतात.”

“मी सांगतो तेवढंच टाकीत असतं, साहेब.”

“बघू तर!” हॅरोबींनी त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. आतून कागदात गुंडाळलेली पेपरमिंटची गोळी निघाली. “हा पाहा, सापडला साठा!” म्हणून त्यांनी ती सोलून तोंडात टाकली. ब्रिजवर हशा पिकला. “उद्या दुपारपर्यंत थांबतोय आपण. जा खाली.”

निदान मला हे असं आठवत होतं.

मग दिवसभर आम्ही पूर्ण वेगानं धावत एका आवाजाचा पाठलाग केला आणि पाण्यात स्फोटकं टाकली. वर आले ते कॉड मासे. पांढरी पोटं वर करून तरंगत होते. आचाऱ्यानं जाळं टाकलं. डब्यातला नसलेला मासा बऱ्याच दिवसांनी मिळाला, आणि तो चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. हॅरोबींनी अहवालात लिहिलं: पाणबुडीचं नुकसान झालं असण्याची दाट शक्यता.

दुसऱ्या दिवशी निघालो, आणि आइसलँड दिसायच्या आतच बॉयलर विझले. मदतीचा संदेश मीच सांकेतिक भाषेत बांधला. आम्हाला ओढून न्यायला ताफ्यातलं आणखी एक रक्षक जहाज माघारी आलं. अशी ताफ्याची दोन रक्षक जहाजं कमी झाली: एक ओढणारं, एक ओढलं जाणारं. त्या रात्री ताफ्यातली दोन मालवाहू जहाजं बुडाली. त्यांच्यावर माणसं किती होती, ते हॅरोबींच्या परिच्छेदात नाही.

चौकशी झाली. हॅरोबींनी सांगितलं, की चीफनं तेल भरपूर असल्याचं सांगितलं होतं. शेजारी उभे असलेले अधिकारी माना डोलावून मोकळे झाले. संदेश उलगडणाऱ्या पोराला कोणी बोलावलं नाही. त्याची तोवर दुसऱ्या जहाजावर बदलीही झाली होती. ट्रेगेन्झाला चीफचा साधा स्टोकर केला. हॅरोबींना मासे मारल्याबद्दल शाबासकी मिळाली.

तर पत्र शब्दकोशात होतं. मग या मार्चमध्ये हॅरोबींचं कार्ड आलं. पुस्तिका ईस्टरनंतर छापायला जाते आहे, तोवर तुमचं उत्तर आलं नाही तर तुमची संमती आहे असं समजून नाव घालतो, कळावे.

माझं गप्प बसणंही हा माणूस वापरून घेणार होता. मी आगगाडीचं तिकीट काढलं. भांडायला नाही, खात्री करायला. हॅरोबींनी मोजला नसला तरी ट्रेगेन्झा जिवंत होता, आणि त्याच्या गावाचं नाव मला आठवत होतं.

दार त्याच्या बहिणीनं उघडलं. लव्हडे तिचं नाव. वाकलेली, पण आवाज खणखणीत. मला वरपासून खालपर्यंत पाहून ती आत ओरडली, “हेडली! तुझ्या जहाजावरचं कोणीतरी आलंय. अजून मेलो नाही म्हणून माफी मागायला आल्यासारखं तोंड आहे.”

“नाव काय?”

“प्रोफेसर, चीफ,” मी म्हणालो.

“तो कादंबऱ्यावाला? पाय पुसायला सांग त्याला.”

केशर घातलेले बनपाव आणि चहा आला. ट्रेगेन्झा आक्रसून खुर्चीएवढा झाला होता. मी त्याच्या हातात परिच्छेद दिला. त्यानं भिंग लावून तो दोनदा वाचला.

“अक्षर बरं आहे,” तो म्हणाला.

“अक्षर!” लव्हडे भडकली. “मी सांगते तुम्हाला. लढाईआधी हा दर दुसऱ्या रविवारी आमच्या प्रार्थनाघरात उपदेश करायचा. परत आला तो मागच्या बाकावर जाऊन बसला, तो आजतागायत. लोक बोलावतात, म्हणतात, हेडली, ते सगळे विसरले आता. हा म्हणतो, मी नाही विसरलो.”

“सरकारदरबारी खोटारडा ठरलेल्या माणसानं खरेपणावर काय बोलायचं?”

“अरे पण तू खोटं बोलला नव्हतास ना!”

“ते मला ठाऊक आहे आणि देवाला ठाऊक आहे. दोघांनी बहुमत होत नाही.” त्यानं कागद घडी करून माझ्याकडे सरकवला. “आता पुस्तकात छापणार म्हणजे झालंच. आमच्या प्रार्थनाघराचा पाळक त्या वूलस्टनकडचाच आहे, तो आणेल एक प्रत. मग मागचं बाकसुद्धा नको.”

मी चहाची बशी खाली ठेवली. “चीफ, माझी अडचण अशी आहे, की मला जे आठवतं ते खरं आहे की कुठं वाचलेलं आहे, याची मला खात्री नाही.”

“म्हणूनच वाचू नये.”

“त्या सकाळी ब्रिजवर काय झालं, तुम्ही सांगाल?” मी मुद्दाम काहीच सुचवलं नाही.

त्यानं भिंग बाजूला ठेवलं. “थंडी. मी सांगितलं, आज निघालो तर पुरेल. तो म्हणाला, डॉब्सन रडायचा. आणि मग त्यानं माझी पेपरमिंट खाल्ली. खिशातून काढून. शेवटची होती.”

इतकी पुस्तकं वाचली, पण एवढी क्षुद्र गोष्ट एकाही लेखकाला सुचलेली नाही. ती हॅरोबींनाच सुचू शकते. मला एकदम हलकं वाटलं, आणि मग भीती वाटली.

“मी हसलो होतो का, चीफ?”

“तू? तू कशालाच हसत नव्हतास. तेही मला आवडायचं नाही.”

निघताना तो काठी टेकत दारापर्यंत आला. “लिहिणार आहेस?”

“प्रयत्न करतो.”

“माझी स्तुती करू नकोस. मी सज्जन होतो, माझ्यावर अन्याय झाला, असलं काही नको. मी आकडा बरोबर सांगितला, एवढंच. त्यापुढे एक शब्द गेलास की कादंबरी झाली.”

घरी येऊन मी उत्तर लिहायला बसलो, तेव्हा मला माझीच ओळख पटेना. पहिल्या खर्ड्यात मी हॅरोबींना भ्याड म्हटलं होतं. दुसऱ्यात त्यांच्या हनुवटीवर अर्धं पान होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. ते फाडताना जिवावर आलं. शेवटी उरलं ते असं:

“कमांडर हॅरोबी, तुमच्या परिच्छेदाखाली माझं नाव घालू नये, तो खोटा आहे. चीफ स्टोकर ट्रेगेन्झा यांनी माझ्यासमोर तुम्हाला सांगितलं, की त्याच दिवशी निघालो तर तेल पुरेल, दुसऱ्या दिवशी निघालो तर पुरणार नाही. तेल तितकंच होतं. तुम्ही हसलात आणि थांबलात. पाणबुडीचं म्हणाल, तर ते मासे होते. आम्ही ते खाल्ले, तुम्हीही खाल्लेत. तुम्हाला माझी सही हवी होती, ती या पत्राखाली आहे. याचीच दुसरी प्रत वूलस्टन समितीच्या चिटणिसांना पाठवत आहे. चीफ ट्रेगेन्झांच्या पाळकांनाही एक. सी. मॅलिन्सन.”

टपाल कचेरीत खिडकीमागच्या बाईनं तीन पाकिटं तोलली. “सगळी नोंदणी करून?”

“हो. पोचपावतीसकट.”

“आज शनिवार आहे. सोमवारी टाकली तरी एकाच वेळी पोचतील.”

‘तुम्ही हसलात’ हे थोडं जास्त झालं का, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. सोमवारपर्यंत मी ते नक्की खोडलं असतं.

“नको,” मी म्हणालो, “आजच घ्या.” तिनं तिन्हींवर शिक्के मारले आणि ती मागच्या पोत्यात टाकली.