लांब शब्दाची चिपळी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसतात तसे, मांडी घालून. आज मी तुम्हांला एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगणार आहे. त्या शब्दाने एका सुनेच्या हातातला चुडा राखला.

मी एक जुनी चिपळी आहे. एक म्हटले तरी आम्ही जुळ्या बहिणी; एकटीला आवाज नाही. पाटणच्या सुताराने आम्हांला शिसवी लाकडातून घडवले आणि कराडच्या तांबटाने आमच्या अंगात पितळी चकत्या बसवल्या. एका हरिदासबुवांनी आम्हांला तीस वर्षे हरिनामात वाजवले. त्यांच्या बोटांचा बुक्का अजून माझ्या खाचेत आहे. बुवा देवाघरी गेले आणि मी त्यांच्या मुलाकडे, नाथाजी मास्तरांकडे आले.

नाथाजी मास्तर कराडला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि एकादशीला कीर्तन करत. महायुद्ध चालू होते तेव्हाची ही गोष्ट. मॅट्रिकची मुले चार-चार मैल चालत येत. वाटेने अवघड शब्द घोकत आणि वर्गात पोचेपर्यंत निम्मे ओढ्यात सांडून येत.

एके दिवशी मास्तर म्हणाले, "घोकू नका रं. आधी माणूस बघा. मग शब्द त्याच्या अंगावर घाला." आणि त्यांनी पिशवीतून मला बाहेर काढले.

'ऑब्स्टिनेट' आला की दुर्योधन उभा राही, सुईच्या टोकाएवढी माती न देणारा. 'रिलक्टंट' आला की अर्जुन धनुष्य टाकून रथात बसे. शब्दाचे जेवढे तुकडे, तेवढे माझे ठोके. 'व्होरेशस'च्या वेळी बकासुर आला, तेव्हा मागच्या बाकावरून धुळा ओरडला, "मास्तर, येवढ्या लांब कशाला जाताय? आमचा गुंडा हितंच बसलाय की!"

"मग काल माजी भाकरी कुणी खाल्ली रं?" गुंडा म्हणाला.

वर्ग हसून लोळला. पण तो शब्द कुणी विसरला नाही.

हेडमास्तरांना माझा आवाज सोसला नाही. "मास्तर, हे हायस्कूल आहे की देऊळ?" असे म्हणून त्यांनी मला नकाशांच्या कपाटात कोंडले. तो महिना मी कसा काढला, माझे मला ठाऊक. शेवटी मास्तरांनी मला मागून घेतले आणि रविवारी सकाळी कृष्णेच्या घाटावरच्या देवळात वर्ग भरवला.

त्या वर्गात विजयमाला होती. तिचा थोरला भाऊ जोतीराम पलटणीतून इटलीच्या लढाईवर गेला होता. भाद्रपदात तार आली, 'मिसिंग'. बेपत्ता. घरी त्याची आई साळूबाई आणि बायको चंद्राबाई. चंद्राबाईने कुंकू पुसले नाही, हिरवा चुडा उतरवला नाही. पाणवठ्यावर बायका तिच्या हातांकडे बघत. ती मान खाली घालून घागर भरे.

एका रविवारी 'कॉन्व्हलेसंट' हा शब्द निघाला. चार ठोके. मास्तरांनी आख्यान लावले. लक्ष्मणाला शक्ती लागलेली, हनुमंताने पर्वत आणलेला. "लक्ष्मणानं डोळे उघडले. लगेच धनुष्य उचललं का? नाही. रामाच्या मांडीवर डोकं, अंगात बळ नाही, पण मरण माघारी फिरलंय. दुखण्यातून सावरणारा, तो हा माणूस!" देवळातल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा हात जोडले.

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा मास्तरांनी मला विजयमालाच्या हाती दिले. "जपशील ना? वडिलांची आहे."

"आवं मास्तर, देव्हाऱ्यात ठीवते."

माघातली दुपार होती. विजयमाला सोप्यात अभ्यास करत होती, मी तिच्या वहीशेजारी. एवढ्यात भाऊसो टपालवाल्याने दिलेली तार घेऊन अंगणात आला. मुंबईच्या गिरणीत दोन वर्षे काढल्यामुळे गावात इंग्रजीचा मान त्याचा. त्याच्या मागून निम्मी आळी आली.

"नाव जोतीरामाचंच हाय," भाऊसो बोट फिरवत म्हणाला. "ह्यो मिसिंग, मागल्या तारंतला. आन् फुडं ह्यो... ह्यो लय लांबडा शबुद हाय. मला न्हाई येत."

"चांगला हाय का वाईट?" साळूबाईंनी खांब धरला.

"वैनी, चांगल्यासाठी येवढा लांब शबुद कशाला लिवत्याल?"

तेवढे पुरले. शेजारच्या भामाबाईंनी गळा काढला. बायकांनी चंद्राबाईला उंबऱ्यापाशी बसवले. भामाबाईंनी दगड उचलला. मित्रांनो, त्यांच्या मनात वाईट नव्हते. त्यांचा स्वतःचा चुडा असाच कुणीतरी फोडला होता. त्या रडत म्हणाल्या, "व्हायचं ते हून जाऊ दे, लेकी." आणि एक बांगडी फुटली.

"थांबा!" विजयमालाने तार हिसकावली. "आत्ती, हात लावू नगा!"

पण भीतीने तिच्या डोळ्यांपुढे अक्षरे पोहू लागली. शब्द पाहिलेला होता. अर्थ येईना. मग तिचा हात माझ्याकडे आला. घाईत पहिला ठोका चुकलाच.

टक्. कॉन. टक्. व्ह.

"पोरीला येड लागलं का? घरात मयत आन् ही चिपळ्या वाजवती!" आळीतली एक बाई ओरडली.

टक्. ले. टक्. संट.

आणि तिला मांडीवरचे ते डोके दिसले. पोहणारी अक्षरे थांबली आणि पुढचे पुण्याच्या हॉस्पिटलाचे नावही तिला वाचता आले. "वैनी!" ती किंचाळली. "लक्ष्मण उठला! आई, लक्ष्मण उठला! दादा जित्ता हाय, पुण्याच्या दवाखान्यात हाय!"

इंग्रजी कुणालाच येत नव्हते. लक्ष्मण सगळ्यांना ठाऊक होता. साळूबाईंनी खांब सोडून देव्हाऱ्याकडे हात जोडले. भामाबाईंच्या हातून दगड गळाला. चंद्राबाईच्या मनगटाला काच लागून रक्त आले होते, त्यावर भामाबाईंनी आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली आणि कितीतरी वेळ तो हात सोडला नाही.

रामनवमीला जोतीराम काठी टेकत कीर्तनाला आला. मास्तरांनी आपल्या गळ्यातला कीर्तनाचा हार त्याच्या गळ्यात घातला. उन्हाळा सरता सरता विजयमालाचा निकाल लागला, ती पास झाली होती. भामाबाई नातवाला घेऊन मास्तरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "ह्याला त्यो लक्ष्मणाचा शबुद शिकवा. मग बाकीचं."

मास्तरांनी मला परत घेतलेच नाही. आज विजयमाला सांगलीला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि मी तिच्या टेबलावर असते. गेल्या कार्तिकात मास्तर गेले, त्या दिवशी तिने मला हातात घेतले, पण वाजवले नाही. माझ्या चकत्या आता ढिल्या झाल्या आहेत.

मला तेल लावा, नका लावू, माझे काही म्हणणे नाही. पण मित्रांनो, वाचताना एखादा लांबलचक शब्द आडवा आला, तर वाईटच असेल म्हणून पान उलटू नका. बोटाने बाकावर त्याचे तुकडे वाजवा. आणि त्यातून एखादा माणूस डोळे उघडून तुमच्याकडे पाहू लागला, की आमच्या नाथाजी मास्तरांची एकवार आठवण काढा.