उघडी बरणी

"अहो, रोज पाणी घालत होते, सकाळ-संध्याकाळ!" गिऱ्हाईक बाई रडकुंडीला आली होती.

मित्सुएने काचेची बरणी उजेडात धरली. आतल्या शेवाळाचा पिवळा लगदा झाला होता.

"तेच नडलं. झाकणाच्या बरणीला रोज कशाला पाणी? आतलं आतच फिरतं ते. आणि हे उचललंत कुठून?"

"अंगणातल्या दगडावरून."

"उन्हातलं! मग काय बोलायचं? त्याला उघडी हवा लागते. बरणीत देवदाराच्या बुंध्याचं घालावं, सावलीतलं."

कानाझावाच्या त्या गल्लीत गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय मित्सुएने कधी शेवाळ लावायची बरणी विकली नव्हती. तरी लोक यायचे.

दुपारी दुकान बंद करून ती मंदिरामागची टेकडी चढली. आज सासरची समाधी मोडायची होती. तिला मूलबाळ नव्हतं, ओसाकातल्या धाकट्या दिरांनाही नव्हतं. तिचे गुडघे आता चढ घेईनात. मागे झाडलोट कोण करणार? अस्थी मंदिराच्या सामाईक तळघरात जायच्या होत्या आणि दगड गाडीत.

भिक्षूंचं पठण आटोपलं. पाथरवट दोर सोडवत बसला. मित्सुएने पिशवीतून चिमटा आणि डबी काढली.

"हे काय वहिनी, इथंही दुकान?" दीर तोकुजी म्हणाले.

"थोडं शेवाळ नेते, भाऊजी. यांच्या दगडावरचं. घरात काहीतरी राहील."

तोकुजी हसले. "आणणार कुठून? दर विषुवाला येऊन ब्रशनं तुम्हीच घासलाय तो. अख्ख्या टेकडीवर आपलाच दगड लख्ख!"

खरंच होतं ते. दगडावर शेवाळ दिसलं की लोक सुनेला नावं ठेवतात, असं सासूने बजावलं होतं. मित्सुएने ते इमानाने पाळलं. वर्षभर शेवाळ जपायचं आणि विषुवाला, वसंतात-शरदात येणाऱ्या पितरांच्या दिवसांत, नवऱ्याच्या दगडावरून खरवडून काढायचं, यात तिला कधी काही खटकलं नव्हतं. आता मात्र तिला स्वतःचाच संताप आला.

"बाई, दोर टाकू का?" पाथरवटाने विचारलं.

"थांब रे जरा."

ती उन्हाने तापलेल्या दगडाच्या बाजूला गुडघे टेकून बसली. तिथे घरातल्या गेलेल्यांची नावं कोरलेली होती. नवऱ्याच्या, कात्सुमीच्या नावावर तिने बोट फिरवलं. शेवटच्या रेघेच्या खाचेत, जिथे ब्रशचे केस पोचत नव्हते, तिथे बोटाला काहीतरी मऊ लागलं. तिने ते चिमट्याने अलगद सोडवलं. नखाएवढं निघालं.

"एवढंसं? याचं काय होणार?" तोकुजी म्हणाले.

"पसरेल सावकाश. तुमच्या भावाला तरी कधी घाई होती?"

तोकुजींनी पाथरवटाला खूण केली.

दुकानात परतल्यावर तिने सगळ्यात छोटी बरणी निवडली. तळाला खडी आणि माती घातली, वर तो तुकडा ठेवला आणि सवयीने झाकण उचललं. मग ते बाजूला ठेवून बरणी तशीच खिडकीत, उन्हात नेऊन ठेवली.

शरदातल्या विषुवाच्या सकाळी तिने ब्रश पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि दारापर्यंत गेली. घासायला आता दगडच नाही, हे तिथे तिच्या लक्षात आलं. ती मागे फिरली. ब्रश जागेवर ठेवला आणि खिडकीतल्या बरणीवर पाण्याचा एकच फवारा मारला.