बोटभर जास्तीची फळी

मी एक जुनी लाकडी फळी आहे, मित्रांनो, मुलांची उंची मोजायची. माझ्या अंगावर आकडे कोरलेले आहेत, शंभरच्या आकड्यावर लाल रेघ आहे, आणि पायाशी एक बोटभर लाकूड जास्तीचं होतं. त्या बोटाचं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. घरातल्या माणसांना ते कळायला जवळजवळ पाच वर्षं लागली. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

मला घडवलं ते या घरातल्या आईच्या वडिलांनी. ते सुतार. कुणाच्या तरी दारांचं काम संपल्यावर चौकटीचा एक लांब तुकडा उरला होता, तो त्यांनी जपून ठेवला होता. लेकीला एकदम तीन मुलं होणार असा निरोप आला तेव्हा ते पाळण्याचे पाय तासत होते. "एकाचा पाळणा करायला घेतला, आता पलटण कुठे झोपवू?" असं म्हणून ते खूप वेळ हसले आणि मग त्यांनी मला हातात घेतलं. रंधा मारला, काचकागदाने घासलं, आकडे कोरून त्यांत काळा रंग भरला.

आजोबांची एक सवय होती. कुठलंही लाकूड ते नेमक्या मापाला कापत नसत, बोटभर जास्त ठेवत. "जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा शून्याचा आकडाही त्यांनी तळापासून बोटभर वर कोरला. जमीन कुठेच सपाट नसते, म्हणून बसवायच्या दिवशी जागा बघून खालचं बोट कापायचं, असा त्यांचा बेत होता.

तो दिवस आला तेव्हा तिळी तीन महिन्यांची होती. एक गप्प झालं की दुसरं सुरू, दुसरं निजलं की तिसरं जागं. आजोबांच्या खांद्यावर दिवसभर कुणी ना कुणी होतं, आणि पिशवीतली करवत पिशवीतच राहिली. संध्याकाळच्या बसने ते परत गेले. दुसऱ्या दिवशी मुलांच्या बाबांनी मला उचललं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, खिशात स्क्रू-ड्रायव्हर कायमचा. आतल्या खोलीच्या दाराशेजारी त्यांनी मला जमिनीला टेकवून उभं केलं, चार स्क्रू पिळले आणि "झालं काम" म्हणून हात झटकले. फोनवर आजोबांना "फळी बसवली" एवढंच सांगितलं. कापून बसवली असंच आजोबांनी धरलं. त्या दिवसापासून या घरातलं प्रत्येक मूल माझ्या अंगावर दोन सेंटिमीटर कमी भरू लागलं.

मुलांची ओळख करून देते. अकरा मिनिटं आधी जन्मलेली ती अक्का. त्या अकरा मिनिटांचा अधिकार ती अजून गाजवते. मधला गोटू, पडला तरी न रडणारा. आणि शेवटची मिरी, तिघांत सगळ्यात लहान. जन्मली तेव्हा आजोबांच्या तळहातात मावली असती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणी व्हायची. आई औषधांच्या दुकानात काम करायची, मापाशिवाय तिचं पान हलत नसे. तीच एकेकाला माझ्याशी उभं करी, डोक्यावर पुस्तक आडवं धरी आणि पेन्सिलीने खूण करी. अक्काची लाल, गोटूची निळी, मिरीची हिरवी. पाहुणे आले की मला बघायला आत यायचे आणि कौतुक करायचे. खरं सांगते, मला फार अभिमान वाटायचा.

मुलं दोन वर्षांची होती तेव्हा बाबा एका थीम पार्कच्या हॉटेलातली लिफ्ट दुरुस्त करायला गेले आणि तिथला रंगीत नकाशा घेऊन आले. तो त्यांनी माझ्या शेजारी चिकटवला. त्यात फिरणारे कप होते, छोटी आगगाडी होती, तळ्यात हंसाच्या होड्या होत्या. मुलांना घेऊन तिथे चार दिवस जायचं, असं त्याच दिवशी बाबांनी जाहीर केलं.

"कधी?" आईने विचारलं.

"कधीही. पुढच्या महिन्यात जाऊ."

"तिघांच्या झोपेच्या वेळा तीन. तिथे जाऊन काय, पाळीपाळीने निजवत बसायचं?"

तो विषय तिथेच राहिला. तिसऱ्या वर्षी पुन्हा निघाला. तेव्हा आई म्हणाली, आधी जवळच्या बागेत जाऊन बघू, तिथे जमलं तर पुढचं बोलू. बागेत काय झालं ते सगळे परत आल्यावर मी ऐकलं. फाटकातून आत शिरताच अक्का झोक्याकडे, गोटू पाण्याच्या नळाकडे आणि मिरी कुठे, ते कुणालाच कळलं नाही. दहा मिनिटं ती सापडत नव्हती. सापडली तेव्हा एका बाकाखाली बसून मुंगीला बिस्किट भरवत होती. घरी आल्यावर आई माझ्या पायाशी, मला पाठ टेकून बसली. त्या दिवशी मी फळी नसते तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला असता.

"मोठी माणसं दोन, मुलं तीन," ती बाबांना म्हणाली. "एक हात कायम कमी पडतो रे."

दुसऱ्या दिवशी तिने ब्रश घेऊन माझ्या शंभरच्या आकड्यावर लाल रेघ ओढली. पार्कातल्या छोट्या पाळण्यांना शंभर सेंटिमीटर उंची लागत होती. तिघंही त्या रेघेला लागली की जायचं, तोवर विषय काढायचा नाही, असं ठरलं. बाबांनी मान डोलावली.

मित्रांनो, निर्णय माझ्या अंगावर येऊन पडला, आणि माझ्या पायाशी तर ते बोट.

मुलं पाच वर्षांची व्हायला आली. अक्का एकशे चारला पोचली, गोटू एकशे एकला. मिरी सत्त्याण्णववरून अठ्ठ्याण्णववर आली आणि तिथेच अडून बसली. तेवढ्यात बाबांना आठवड्याची रजा मिळायची चिन्हं दिसू लागली. पुढच्या वर्षी मुलांची मोठी शाळा सुरू होणार, मग सुट्टी आणि रजा कधी जुळतील याचा भरवसा नव्हता. अक्का आणि गोटू रोज सकाळी नकाशावर बोट फिरवून आगगाडीचा रस्ता पाठ करायचे. मिरी खालून त्यांना स्टेशनं विचारायची.

मावशी आली होती, तिने तोडगा काढला. "ताई, तुम्ही दोघांना घेऊन जा. मिरीला मी ठेवून घेते. लहान आहे, दोन दिवसांत विसरून जाईल."

मावशी प्रेमानेच बोलली. आईने नाही म्हटलं नाही. "रविवारी मोजू आणि ठरवू," एवढंच म्हणाली. दाराआड मिरी उभी होती. मावशी गेल्यावर तिने अक्काला विचारलं, "विसरून जायचं म्हणजे काय करायचं?"

अक्काने तिचा हात धरला आणि गोटूला हाक मारली.

त्या रविवारी आजोबाही आले होते. मधल्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, माझ्याकडे ते बघायचे ते हाताने चाचपून. आता ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना सगळ्या घराचे दोष दिसू लागले होते. सकाळपासून त्यांनी खिडकीची बिजागरी, कपाटाचं दार आणि जावयाचे वाढलेले केस अशा तीन गोष्टी नापास केल्या होत्या.

मोजणी सुरू झाली. मिरी आधी उभी राहिली, श्वास रोखून. आईने पुस्तक टेकवलं. अठ्ठ्याण्णव. मग गोटू आला. आईने खूण केली आणि तिची पेन्सिल थांबली. गोटूही अठ्ठ्याण्णव. शेवटी अक्का तिच्या लांब फ्रॉकमध्ये येऊन उभी राहिली. सत्त्याण्णव.

"हे कसं?" आई म्हणाली. "मागच्या महिन्यात तू एकशे चार होतीस."

"उतरली," अक्का म्हणाली.

"उंची उतरत नाही, अक्का. ताप उतरतो."

"माझी उतरली."

आईने फ्रॉकची कड वर केली. अक्काचे दोन्ही गुडघे वाकलेले होते आणि लटलटत होते. गोटूने स्वतःहूनच आपला ढगळ पायजमा वर करून दाखवला. लपवणं त्याला कधीच जमलं नाही.

"आता आम्हीपण छोटे आहोत," अक्का म्हणाली. "मिरी वाढेपर्यंत आम्ही वाकून राहणार. मग तिघं जाऊ."

मिरी पुढे आली. तिने नुसता अक्काच्या फ्रॉकचा पट्टा धरला.

आजोबा गुडघे बघायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांनी माझ्या पायाला हात लावला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"हे बोट अजून इथेच?" ते म्हणाले. मग जावयाकडे वळले. "तुम्ही बसवली म्हणालात."

"बसवलीच होती की," बाबा म्हणाले आणि पंख्याकडे बघू लागले.

आजोबांनी पिशवीतून आपली घडीची पट्टी काढली. मिरीला भिंतीशी उभं करून जमिनीपासून मोजलं. पूर्ण शंभर. वर केसभर जास्तच. पाच वर्षांचं ओझं माझ्या अंगावरून उतरलं, मित्रांनो. रडता आलं असतं तर तेव्हा रडले असते.

बाबांना वाटलं, आता आई आनंदाने उठेल. पण ती माझ्या पायाशी बसली, बागेतून आल्यावर बसली होती तशीच. तिघांना तिने जवळ ओढलं.

"उंचीचं काय घेऊन बसलात, अण्णा," ती आजोबांना म्हणाली. "गर्दीत ही तिघं तीन दिशांना जातील, ती भीती होती मला. रेघ ओढली ती त्यासाठी. आणि ही तर एकमेकांना सोडून जायलाच तयार नाहीत." मग तिने बाबांकडे पाहिलं. "रजेचा अर्ज दे. आणि मावशीलाही चल म्हणावं. तीन मुलांना सहा हात हवेत."

दुपारी आजोबांनी मला सोडवून आडवं केलं आणि ते बोट कापलं. दुखलं नाही. उलट नीट उभं राहिल्यासारखं वाटलं. कापलेला तुकडा मिरीने उचलून खिशात घातला.

मग ते गेले. नकाशाही भिंतीवरून काढून नेला. चार दिवस घरात मी आणि गळका नळ. परत आल्यावर तिघं एकाच वेळी बोलत होती, त्यातून मला एवढं कळलं की पार्कच्या दारातल्या माणसाने मिरीला खांबाशी उभं केलं, आणि ती खांबावरच्या खुणेला लागली. तिच्या एका मुठीत माझा तुकडा होता, दुसऱ्या हातात अक्काचा हात. म्हणजे मीही थोडी जाऊन आले म्हणायची. हंसाच्या होडीत गोटू झोपला, हेही कळलं.

आता मुलं माझ्या शेवटच्या आकड्याच्या वर गेली आहेत. मला कुणी उभं राहून टेकत नाही. माझ्या वरच्या स्क्रूला छत्री लटकते, आणि पायाशी ओल येते. तो तुकडा अक्काच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहे. तक्रार नाही, त्याचा उपयोग होतो आहे.

तुमच्याही घरात अशी एखादी फळी असेल. वर्षातून एकदा तिच्यावर तेलाचा हात फिरवा. आणि कुणी कमी भरलं की त्याला कमी म्हणण्याआधी एकदा फळीच्या पायाशी वाकून बघा.

काल घराला रंग द्यायला रंगारी आला. "ही फळी काढू, की हिच्यावरून हात मारू?" असं त्याने विचारलं. उंच झालेली मिरी धावत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या कमरेच्या थोडं वर त्या रविवारच्या तीन खुणा आहेत. हिरवी आणि निळी अठ्ठ्याण्णववर, लाल त्यांच्या खाली.

"बाकी सगळं रंगवा, काका," ती म्हणाली. "एवढं राहू द्या."