यंत्र थांबल्यानंतरचा एक तास

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून ऐटीत फिरणारा नव्हे, तर भिंतीतल्या भोकात बसून आतली हवा बाहेर फेकणारा. मला तीन पाती आहेत. एकाचं टोक वाकलंय, म्हणून फिरताना मी जरा गुणगुणतो.

मित्रांनो, माझी पहिली बारा वर्षं एका खानावळीच्या स्वयंपाकघरात गेली. धूर खाल्ला, तेलाची वाफ प्यायलो, काळाठिक्कर झालो. खानावळ बंद पडली आणि मी भंगारवाल्याच्या ढिगावर आलो. तिथून मला भुसाकाकांनी उचललं.

भुसाकाका पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत सुतारकाम मांडलं. भुवयांवर कायम भुसा, म्हणून गल्लीतल्या मुलांनी हे नाव ठेवलं. त्यांनी मला घासूनपुसून तेलपाणी केलं आणि खोलीच्या खिडकीत बसवलं. "बघ, हवा कशी खेचतोय पठ्ठ्या!" असं ते काकींना कौतुकाने म्हणाले. ती शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

कौतुक आठ दिवस टिकलं. खिडकीपलीकडे शेजारीणबाईंची कपडे वाळत घालायची दोरी होती.

"अहो भुसाकाका, माझ्या चादरी पिठात घोळवून तळायच्यात का?" त्या कडाडल्या.

काका ओशाळले. त्यांनी माझी वायर काढली, खिडकी लावून घेतली आणि वारा यावा म्हणून घराकडचं दार उघडं ठेवलं. मी नुसता बघत राहिलो.

काय बघितलं ते सांगतो. काम संपलं की काका झाडू घेत. भुसा, ढलप्या गोळा करून म्हणत, "आरसा झाला, आरसा!" जमीन खरोखरच स्वच्छ असे. पण उन्हाच्या तिरिपेत बारीक धूळ तरंगत राही. जाड भुसा आपल्या वजनाने खाली बसतो. ही धूळ पिसापेक्षा हलकी. झाडूने ती आणखी उठे आणि उघड्या दारातून सावकाश घरात जाई. लाकूड घासायचं यंत्र थांबलं की काका नाकावरचा मास्क कपाळावर सरकवत.

"मास्क कपाळाला?" काकी हसत. "कपाळाने श्वास घेता वाटतं!"

त्याच वर्षी लेकीला दिवस गेले. काकांनी पाळणा करायला घेतला. काकींकडे पाळण्यासाठी एक गाणं होतं. लेकीला त्यांनी त्यावरच वाढवलं होतं. आता लेकीच्या जागी तिचं लेकरू घालून, भांडी पुसता पुसता त्या ते पुन्हा घोटू लागल्या:

हळूच ये रे वाऱ्या, काढून ठेव वाळा,
लेकीच्या लेकराचा आत्ताच लागला डोळा.

पंधरा दिवस काका यंत्राने पाळण्याचे दांडे घासत होते. पंधरा दिवसांत गाणं पहिल्या ओळीवरच अडू लागलं. दुसरीला खोकला येई. मग काकींनी गाणं सोडूनच दिलं. डॉक्टरांनी घसा तपासला, घरात कसली धूळ असते ते विचारलं आणि तिच्यापासून लांब राहायला सांगितलं.

"पण मी तर रोज झाडतो," काका म्हणाले.

सातव्या महिन्यात लेक माहेरी आली. आईचा बसलेला आवाज ऐकून तिने काही वाद घातला नाही. एक काळा ट्रे पुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. काकांचं काम आटोपल्यावर दोन तासांनी तो त्यांच्यापुढे धरला. काकांनी बोट फिरवलं. भुरक्या धुळीत काळी रेघ उमटली.

"पीठ असेल."

"वास घ्या, बाबा."

काकांनी वास घेतला. तो पाळण्याच्या लाकडाचा होता. ते स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी पाळणा बाजूला राहिला आणि मी खिडकीतून उतरलो. काकांनी मला प्लायवूडच्या पेटीत बसवून छताला टांगलं. आता मी हवा बाहेर फेकत नव्हतो, गाळून खोलीतच परत सोडत होतो. पेटीच्या तोंडाला आधी जाड कापड लावलं, पण ते म्हणजे चहाच्या गाळणीने मैदा गाळणं. मग घड्याघड्यांचा बारीक फिल्टर आला. घासायच्या यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडली. घराकडचं दार बंद झालं, खालच्या फटीत जाड पट्टी बसली.

तरी ट्रेवर रेघ उमटलीच. थोडी फिकट, पण उमटली.

लेक खिडकीबाहेर उभी राहून काचेतून बघत होती. काकांनी यंत्र बंद केलं, त्याबरोबर मीही थांबलो. दोघांना एकच बटण होतं. काकांनी मास्क वर सरकवला आणि झाडू उचलला.

"बाबा! आवाज थांबला, धूळ कुठे थांबली?"

काकांनी वर बघितलं. तिरीप धुळीने भरलेली होती. "चाळीस वर्षं इंजिनं ऐकली," ते पुटपुटले, "म्हणून सगळं कानानेच मोजतो मी."

त्या दिवशी मला स्वतःचं बटण मिळालं. यंत्र थांबल्यावर मी आणखी तासभर फिरायचं. तोवर काकांनी खोलीबाहेर राहायचं, आणि आत पाऊल टाकायचंच असेल तर मास्क नाकावर. झाडू गेला, ओलं फडकं आलं. चार दिवसांनी ट्रे काळाच्या काळा राहिला.

पाळणा पूर्ण झाला. बाळ आलं. काकींचा आवाज पूर्ण परतला नाही. वरचा सूर अजून फाटतो, म्हणून गाणं त्या खालून धरतात. पहिल्यांदा गायल्या तेव्हा माझा तास चालू होता. ऐकू यावं म्हणून काका मास्क लावून आत आले आणि माझ्या बटणाकडे हात नेला.

बंद दारापलीकडून काकींचा घोगरा आवाज आला, "राहू द्या हो. वीस मिनिटं आहेत अजून. त्याच्या गुणगुणण्यात माझा फाटका सूर झाकला जातो."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. माझा फिल्टर महिन्यातून एकदा बाहेर नेऊन साफ करा, पण शेजारच्या दोरीवर कपडे नाहीत ना, ते आधी बघा. आणि काम संपल्यावर मला तेवढा एक तास फिरू द्या. भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेत असतं.