घोड्याचा फेस

इवल्याशा नळीत स्वतःचंच रक्त हिंदकळताना एनोस बघत राहिला—इतकं काळपट?... आणि यातून या नर्सबाई नेमकं काय शोधून काढणार, बापाचा तो उन्हाळा? पेनसिल्व्हेनियातल्या आम्हा आमिश लोकांत, मोटारी सोडून घोडागाडीनंच फिरणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती माणसांत, वेड हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'रक्तातच आहे' म्हणतात आणि विषय बदलतात.

"एकट्याच्या रक्तावरून काही सांगता येत नाही हं, आजोबा," नर्सबाई म्हणाल्या. "घराणीच्या घराणी तपासायची, तेव्हा कुठे कळेल हा बायपोलर आजार कुठल्या जनुकांत दडलाय ते. कळलं तर."

"माझ्यात थापा सापडतील, बाई, दुसरं काय! बूच घट्ट लावा, नाहीतर वाटेत बडबडायला लागेल."

त्या हसल्या. मग तो प्रश्न आला—आजाराची पहिली खूण म्हणून त्यांना आमच्याच माणसांनी शिकवलेला; शहरात त्या भलतंच काही विचारत असतील—"घरात हल्ली कुणी घोडा फार दामटतं का?"

बापानं दामटला होता, त्या उन्हाळ्यात... प्रार्थनेला जाताना, मोठमोठ्यानं गात, वाटेत भेटेल त्याला जेवायला बोलावत, घोडा कोसळेपर्यंत. आणि मग पानगळीत तो बोलेनासाच झाला, आणि कोठारात, तुळईला—

अंगणात चाकं करकरली. त्याची नात, लविना. गाल लाल, टोपीच्या नाड्या सुटलेल्या, आणि घोड्याच्या छातीवर पांढराशुभ्र फेस.

"आजोबा, टेकडीवरून असा उडवला ना याला! झोपच येत नाही मला हल्ली, आणि थकवा म्हणून नाही!"

पोरीचं वयच ते, कुणी आवडलं असेल... मी नव्हतो हुंदडलो? पण हसण्याची ती चढती पट्टी एनोसच्या कानांनी ओळखली. हिच्यातही उतरलं असेल तर? नर्सबाई घोड्याकडे बघत होत्या.

"अस्वल!" तो ओरडलाच. "टेकडीवर अस्वल आलंय, बाई, घोडी उधळवतं मेलं. परवा तर बिशपच्या घोडागाडीत चढून बसलं. दाढी होतीच, वर आपल्यासारखी काळी टोपी घातलेली—कुणाला संशयसुद्धा आला नाही!"

लविना पोट धरून हसली, नर्सबाईही. इथे थांबायला हवं होतं. पण अस्वलाला बायको आली, पोरं झाली, ते प्रार्थनेत सगळ्यांच्या वरच्या सुरात गायला लागलं, शब्दावर शब्द चढत गेले... आणि एनोसला जाणवलं, पोरीला झाकायला काढलेली ही थाप आता आपण सांगत नाही, ती आपल्याला ओढत नेतेय. सारा गाव आजवर जिला माझी गंमत म्हणत आला, ती ही... ही कुणाची? बापाची? आणि तोंड मात्र सुखानं—भयंकर सुखानं—चालूच होतं.